पुढचा अ‍ॅक्सल कामाचा आहे का? : जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी पारखताना

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टीच्या परिसरात घोड आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यातील काळी जमीन, कालव्याच्या पाण्यावर वाढणारा ऊस आणि त्या उसापर्यंत नेणारे पाणंद रस्ते यांचा शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहाराशी थेट संबंध येतो. पाऊस पडला की ही माती फुगते, टायरच्या नक्षीत घट्ट भरून बसते आणि मग नवा टायरही गुळगुळीत टायरसारखाच घसरू लागतो. अशा रस्त्यासाठी म्हणून जुनी जीप, जिप्सी किंवा थार घेतली जाते. नगर-दौंड रस्त्यावर ती चालवून पाहिली जाते, इंजिनाचा आवाज ऐकला जातो आणि व्यवहार ठरतो. पहिल्या जोरदार पावसानंतर मात्र तीच गाडी पाणंदीत रुतते आणि फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा नीट पुढे टाकलेला असूनही मागचे एकच चाक जागच्या जागी फिरत राहते. गाडी चार चाकांनी ओढणारी असताना फिरते ते एकच चाक, हे कोडे बहुतेकांना पडते, आणि हा दोष खरेदीच्या दिवशी दिसला का नाही, हे त्याहून मोठे कोडे असते.

दुसऱ्या कोड्याचे उत्तर आधी समजून घेणे सोयीचे आहे. या प्रकारच्या बहुतेक जुन्या गाड्या डांबरी रस्त्यावर केवळ मागच्या दोन चाकांच्या ओढीने चालतात. पुढचा अ‍ॅक्सल, त्याकडे जाणारा शाफ्ट आणि त्यांना जोडणारी यंत्रणा त्या वेळी कामालाच लागलेली नसते. म्हणजे ज्या भागासाठी खरेदीदार साध्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजतो, नेमका तोच भाग डांबरावरच्या चाचणीत तपासला जात नाही. तो भाग वर्षानुवर्षे न वापरल्याने गंजलेला असू शकतो, चुकीच्या वापराने झिजलेला असू शकतो, किंवा काढूनच टाकलेला असू शकतो.

या गाड्या येतात कोठून

महाराष्ट्रात या गाड्यांची परंपरा जुनी आहे. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे याच घराण्यातील एमएम ५४०, मेजर आणि २०१० साली आलेली थार ही नावे ग्रामीण भागात रुळली. मारुतीची जिप्सी १९८५ साली बाजारात आली, तिचे १.३ लिटर इंजिनाचे 'किंग' हे रूप १९९६ साली आले आणि ती अनेक वर्षे लष्कराची हलकी गाडी होती. फोर्स मोटर्सची गुरखा आणि टाटांची १९९८ सालची सफारी यांचाही या यादीत समावेश करावा लागेल. अहिल्यानगर शहरात चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षण शाळा आणि वाहनांच्या चाचण्या घेणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था असल्यामुळे लष्करी गाडी या जिल्ह्यातल्या माणसाच्या नजरेतली आहे आणि 'मिलिटरीची गाडी' या शब्दांना येथे वजन आहे. परंतु लष्करातून आलेली गाडी चांगली सांभाळलेली असेल हे जितके शक्य आहे, तितकेच ती कठीण रानात राबलेली असेल हेही शक्य आहे. त्यामुळे केवळ त्या ओळखीवर भाव वाढवून देण्याचे कारण नाही.

ताकद चाकांपर्यंत कशी पोहोचते

इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. साध्या मागच्या ओढीच्या गाडीत तेथून एक लांब फिरता दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, मागच्या अ‍ॅक्सलकडे जातो. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्सनंतर आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस किंवा गॅरेजच्या बोलीत नुसते 'ट्रान्सफर' म्हणतात. या पेटीतून दोन शाफ्ट निघतात, एक मागच्या आणि एक पुढच्या अ‍ॅक्सलकडे. चालकाजवळचा छोटा दांडा पुढे-मागे केला की पुढचा शाफ्ट जोडला किंवा सोडला जातो. सफारी, स्कॉर्पिओ यांसारख्या काही गाड्यांत हेच काम बटण आणि विजेची मोटर करते.

पुष्कळ गाड्यांत याशिवाय पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी हब असतात. हब म्हणजे चाक आणि त्याच्या आतला अ‍ॅक्सलचा दांडा यांना एकमेकांशी जोडणारी किंवा मोकळी करणारी कळ. काही हब हाताने फिरवावे लागतात, काही आपोआप बसतात. हब मोकळा असेल तर पुढचा शाफ्ट फिरूनही चाकाला ओढ मिळत नाही. कोड्यातल्या गाडीचा दोष कधीकधी एवढाच असतो की हाताचे हब कोणी फिरवलेलेच नसतात, आणि तसे असेल तर तो दोष फुकटात दूर होतो.

*चौकट : दांड्यावरची अक्षरे*
*२एच : फक्त मागची ओढ, डांबरी रस्त्यासाठी. ४एच : चारही चाकांची ओढ, नेहमीच्या गिअरच्या वेगांत, ओली माती, वाळू किंवा सैल मुरूम यांसाठी. एन : ट्रान्सफर मोकळा, गिअर टाकला तरी गाडी हलत नाही. ४एल : चारही चाकांची ओढ आणि वेग बहुतेक गाड्यांत दोन ते अडीच पट कमी होऊन तितकाच जोर वाढलेला, खोल चिखल, तीव्र चढ किंवा उतार यांसाठी, आणि गाडी थांबवूनच टाकण्याचा.*

जुवाचा नियम

प्रत्येक अ‍ॅक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियल असते. गाडी वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते, आणि दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे डिफरन्शियलचे काम आहे. पण या सोयीची एक किंमत मोजावी लागते. बैलगाडीचे जू मध्यभागी दांडीला बांधलेले असते. दोन बैलांपैकी एकाने अंग काढले की जू त्याच्या बाजूला कलते आणि दुसऱ्या बैलाचा जोर गाडी ओढण्याच्या कामी येत नाही, कारण मध्यावर टेकलेल्या जुवाच्या दोन्ही टोकांवर भार सारखाच राहावा लागतो. डिफरन्शियल हेच करते. दोन्ही चाकांना ते सारखाच जोर देते, आणि एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की त्याला लागणारा जोर जवळजवळ शून्य होतो, म्हणून घट्ट जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, जोर मिळतो.

यावरून कोड्यातल्या गाडीचे निदान करता येते. चिखलात पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके फिरत असतील, तर यंत्रणा शाबूत आहे आणि अडचण जमिनीची आहे. मागचे एकच चाक फिरत असेल आणि पुढची दोन्ही चाके निश्चल असतील, तर पुढचा अ‍ॅक्सल जोडलाच गेलेला नाही. २०१५ नंतरच्या थारमध्ये मागच्या अ‍ॅक्सलवर असे निसटणारे चाक आपोआप अडवणारे डिफरन्शियल आले, तर गुरखात पुढे व मागे दोन्हीकडे हाताने बसवायचे लॉक मिळाले. असे लॉक असलेली जुनी गाडी घेताना ते लॉक बसते आणि सुटते हे मातीत प्रत्यक्ष पाहूनच त्याचे पैसे द्यावेत.

सुके डांबर आणि न जुळणारे टायर

४एच मध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणून पुढचा शाफ्ट जरा जास्त फिरू पाहतो. पण ट्रान्सफर त्याला तसे करू देत नाही. मातीत चाक थोडे घसरते आणि हा ताण निघून जातो. सुक्या डांबरावर चाक घसरत नाही, ताण शाफ्ट, त्याच्या टोकांचे सांधे म्हणजे क्रॉस, आणि ट्रान्सफरचे दाते यांवर साठत जातो, स्टेअरिंग जड होते आणि पुढे दांडाच निघेनासा होतो. पूर्वीच्या मालकाने गाडी महामार्गावर ४एच मध्ये चालवण्याची सवय ठेवली असेल, तर त्याची शिक्षा नव्या मालकाच्या ट्रान्सफरला भोगावी लागते. पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरच्या फोर-बाय-फोरसारख्या काही गाड्यांत मध्ये तिसरे डिफरन्शियल असते आणि त्या कायम चार चाकांवर चालतात. त्यांना हा नियम लागू नाही.

हाच ताण न जुळणाऱ्या टायरांमुळेही येतो आणि याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. पुढच्या टायरची नक्षी मागच्यापेक्षा ६ मिलिमीटर जास्त शिल्लक असेल, तर त्याचा परीघ सुमारे ३८ मिलिमीटरने मोठा होतो. सव्वादोन मीटर परिघाच्या टायरसाठी हा फरक दर किलोमीटरला जवळपास १७ मीटरचा होतो, आणि सरळ रस्त्यावरही पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांशी झगडत राहतात. म्हणून चारही टायर एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे. मागे नवे जोडटायर आणि पुढे गुळगुळीत टायर अशी गाडी दिसली, तर विक्रेत्याने खर्च वाचवला एवढाच त्याचा अर्थ घेऊन थांबू नये. त्या अवस्थेत ४एच किती वापरला गेला, ते विचारावे.

खडूची खूण

जुन्या जीपमध्ये आणखी एक दोष असतो, जो कानाने किंवा डोळ्याने ओळखू येत नाही. डिफरन्शियलमधील क्राउन आणि पिनियन या दातेरी जोडीमुळे शाफ्टचे कित्येक फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो; जुन्या जीपमध्ये हे प्रमाण पुष्कळदा ५.३८ असते. मागची जोडी तुटल्यावर दुसऱ्याच गाडीची, समजा ४.८८ प्रमाणाची जोडी बसवली, तर २एच मध्ये गाडी ठणठणीत चालते. ४एच टाकताच मात्र पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि ट्रान्सफर फुटायला वेळ लागत नाही.

याची परीक्षा खडूच्या एका तुकड्याने होते. सपाट जागेवर इंजिन बंद करून, गिअर मोकळा ठेवून, ट्रान्सफर २एच मध्ये आणि पुढचे हब जोडलेले ठेवून दोन्ही शाफ्टच्या खालच्या बाजूला खडूची रेघ मारावी. तशीच एक रेघ टायरवर, जमिनीला टेकलेल्या जागी मारावी. नंतर गाडी सरळ रेषेत, टायरचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत हळूहळू ढकलावी. दोन्ही प्रमाणे सारखी असतील तर शाफ्टवरच्या दोन्ही रेघा एकाच कोनात थांबतात, ५.३८ आणि ४.८८ अशी गल्लत झालेली असेल तर एक रेघ दुसरीच्या जवळजवळ उलट दिशेला असते. ढकलताना कोणीही गाडीखाली असता कामा नये. पाहणे बाजूने वाकून आणि गाडी थांबल्यावरच करावे. याच परीक्षेत आणखी एक उत्तर मिळते. हब जोडलेले असूनही पुढचा शाफ्ट अजिबात फिरत नसेल, तर हबचे दाते गेलेले आहेत किंवा आतला अ‍ॅक्सलचा दांडा तुटला अथवा काढला आहे. आणि पुढचा शाफ्टच जागेवर नसेल, तर डिझेल आणि आवाज वाचवण्यासाठी तो कोणीतरी उतरवून ठेवला आहे. असा काढलेला शाफ्ट विक्रेत्याच्या घरी असेल, तर तो आणवून, बसवून आणि चालवून दाखवल्याशिवाय व्यवहार करू नये.

यानंतरची परीक्षा मोकळ्या, नांगरलेल्या किंवा ओल्या जमिनीवर घ्यावी. ४एच टाकून पूर्ण वळणावर सावकाश गाडी फिरवली की पुढची चाके अडखळल्यासारखी ओढ दाखवतात. ती दाखवली तरच पुढचा अ‍ॅक्सल काम करतो आहे असे समजावे. नंतर गाडी थांबवून ४एल टाकावा आणि पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, बांधावर किंवा चढावर चढवावी. चढताना दांडा आपोआप निसटला तर आतले दाते किंवा काटा झिजलेला असतो. साखळीवर चालणाऱ्या ट्रान्सफरमध्ये, म्हणजे सफारीसारख्या गाड्यांत, भार पडताच 'कट-कट' असा झटका आला तर साखळी सैल पडलेली असते.

पाणी कोठून शिरते

डिफरन्शियल आणि ट्रान्सफर या बंद पेट्या असल्या तरी त्यांच्यावर एक बारीक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. चालून गरम झालेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरून काहीतरी आत ओढू पाहते. ब्रीदर मोकळा असेल तर हवा आत येते. तो मातीने बुजलेला असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी आत येते. ओढे आणि कालव्याच्या चाऱ्या ओलांडणाऱ्या गाडीत हा दोष हमखास सापडतो. डिफरन्शियलचा भरण्याचा बोल्ट उघडून बोटावर थोडे ऑइल घ्यावे. ते दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. बोटावर चकाकणारे धातूचे कण दिसले आणि ते नखाला लागण्याइतके मोठे असले, तर दाते तुटू लागले आहेत. ऑइल अगदी नवे आणि स्वच्छ असेल तर ते चांगलेच, पण कालच बदलले की महिन्यापूर्वी, हे विचारावे आणि थोडी गाडी चालवून ते पुन्हा पाहावे.

वळणारी आणि ओढणारी चाके

पुढच्या चाकाला वळायचेही असते आणि ओढायचेही असते, म्हणून जीप-जिप्सीच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला एक गोळा असतो आणि त्याच्यावर चाकाचा भाग किंगपिनभोवती वळतो. हा गोळा कापडाने पुसून पाहावा. त्यावर खोल ओरखडे किंवा गंजाचे खड्डे असतील, तर नवे सील बसवले तरी ते टिकत नाही. त्यानंतर पुढचे चाक जॅकवर घेऊन वरून आणि खालून धरून हलवावे. खेळ लागला तर किंगपिन किंवा चाकाचे बेअरिंग गेले आहे, आणि डावी-उजवीकडे धरून हलवताना खेळ लागला तर टाय रॉड. वेगात खड्ड्यावरून गेल्यावर स्टेअरिंग थरथरत राहणे हे बहुधा याच झिजेचे लक्षण असते.

जॅक लावण्यापूर्वी उरलेल्या चाकांना ठोकळे लावणे या गाड्यांत फार महत्त्वाचे आहे. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफरच्या मागच्या शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियल त्या चाकाला मोकळे फिरू देते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते.

चासी, आणि तिच्यावरचा नंबर

या गाड्यांचा कणा म्हणजे दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे यांची चासी. पाटे जेथे चासीला टांगलेले असतात तेथे आणि स्टेअरिंग बॉक्सच्या आसपास चिखल साचतो आणि आतून गंज चढतो. तो चिखल खरवडून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले, तर पत्रा पातळ झालेला आहे. किनारपट्टीवर राहिलेल्या गाडीत आणि रासायनिक खतांच्या गोण्या वाहिलेल्या गाडीत ही तपासणी दुप्पट काळजीने करावी. खालून नुकताच मारलेला काळा रंग संशयास्पद समजावा. गाडी अपघातातून गेली असल्यास ते एका टेपने कळते: चाके सरळ ठेवून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे, आणि दोहोंत एखाद्या सेंटीमीटरहून अधिक फरक असेल तर चासी किंवा अ‍ॅक्सल वाकल्याची शक्यता धरावी.

चासीवर ठोकलेला नंबर हा या लोखंडाचा आणि कागदाचा सांधा आहे. तो गंजाने पुसला गेला असेल, किंवा त्याच्या भोवती वेल्डिंग दिसत असेल, तर गाडी कितीही चांगली चालत असली तरी घेऊ नये, कारण तो वाचता आला नाही तर नाव बदलणे आणि पुन्हा पासिंग करणे दोन्ही अडते. इंजिनाच्या नंबराचेही तसेच आहे. पेट्रोलची जीप डिझेल इंजिन बसवून चालवणे, किंवा जुन्या नोंदणीवर सुट्या भागांतून नवी खुली जीप उभी करणे, ही प्रथा देशभर आहे आणि हरियाणातील मंडी डबवाली अशा जीपसाठी प्रसिद्ध आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ही बाब अधिक कडक शब्दांत मांडली.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगणे पुरेसे आहे, कारण ते कोणताही चांगला मिस्त्री तपासतो. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे; निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण काढल्यावर धुराचे जोरदार फुत्कार आले तर ते बॅक कॉम्प्रेशन मारते आहे, म्हणजे जळालेला वायू पिस्टनच्या कडेने खाली निसटतो आहे.

कागद

खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते आणि नंतर दर ५ वर्षांनी नव्याने पासिंग करावे लागते. १५ वर्षांवरील मोटारीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, २० वर्षांवरील गाडीला ते याहून अधिक आहे, आणि महाराष्ट्रात हरित करही भरावा लागतो. सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द ठरते आणि त्या अधिकृत केंद्रात मोडीत काढायच्या असतात. म्हणून 'सरकारी लिलावातली' म्हणून दाखवलेल्या गाडीची नागरी नोंदणी खरोखर झालेली आहे का, हे आधी पाहावे. दिल्ली परिसरात डिझेलच्या १० वर्षांवरील गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तेथील अनेक गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी घेताना ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्रातील कर हा खर्च किमतीत धरावा. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात, राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विक्रेत्याने ती १४ दिवसांत कळवायची असते, आणि कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. श्रीगोंदा तालुक्यातील गाडीची नोंद अहिल्यानगरच्या एमएच-१६ कार्यालयात होते.

दोष सापडला म्हणून प्रत्येक गाडी नाकारावी असे नाही. सील, क्रॉस, किंगपिन, हब हे बदलता येतात आणि त्यांचा खर्च किमतीतून वळता करून घेता येतो. ट्रान्सफर किंवा क्राउन-पिनियन गेले असतील, तर तो भाग मिळतो का हे आधी दुकानात विचारून मगच आकडा बोलावा. गाडी घरी आल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर आणि दोन्ही डिफरन्शियल यांतले ऑइल एकदाच, एकत्र बदलावे, ब्रीदर फुंकून मोकळे करावेत आणि महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर काही अंतर ४एच मध्ये चालवावे; न फिरणाऱ्या दात्यांवर आणि सीलवर ऑइल पोहोचण्याचा तोच मार्ग आहे.